अण्णांना चालेल अशी कॉफी

कुमुदताई शुक्लांनी आमची बेल एकदा वाजवून कधी समाधान मानलं नाही. आधी बेल, मग कडी, मग "माधुरी, आहेस ना गं?" अशी हाक. ती हाक एवढी मोठी असायची की वरच्या मजल्यावरच्या माधुरी नसलेल्या बायकाही दारात यायच्या. जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलेलं. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. दार उघडलं की समोर ट्रे. ट्रेमध्ये स्टीलच्या चार वाट्या आणि वाट्यांत तपकिरी पाणी. तीन वाट्यांच्या बुडाला बाहेरून टिकली चिकटवलेली, एक लाल, एक हिरवी, एक काळी, आणि चौथी वाटी बिनटिकलीची. कुठल्या टिकलीवर कुठल्या कंपनीची कॉफी आहे ते फक्त त्यांना ठाऊक.

"पी," त्या म्हणायच्या. "आणि मत सांगू नकोस. निरीक्षण सांग."

आता मी पडले चहाची बाई. सकाळी दोन, दुपारी एक, पाहुणे आले तर त्यांच्या नावाने आणखी एक. इन्स्टंट कॉफी ही माझ्या लेखी लोकांच्या घरी नाइलाजाने घ्यायची वस्तू. पण शेजार म्हणजे शेजार. मी घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "बरी आहे."

"बरी हे मत झालं."

"कडू आहे."

"कुठे कडू? जिभेवर की घशात?"

"कुमुदताई, माझा कुकर लागलाय गॅसवर."

"लागू दे. घशात ना? मलाही घशातच लागली." मग समाधानाने मान हलवून त्या पुढची वाटी माझ्या हातात द्यायच्या. चारही वाट्या संपल्याशिवाय सुटका नसे. आणि नंतर जेवण जात नाही म्हणून घरच्यांची बोलणी मी खायची.

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर होती. आता ते दोघं नवरा-बायको मुलीकडे म्हैसूरला असतात आणि समोरच्या घरात कॉम्प्युटरवाली दोन मुलं भाड्याने राहतात. चांगली आहेत बिचारी, पण बेल एकदाच वाजवतात, आणि ती सुद्धा चुकून आलेलं पार्सल द्यायला.

सोसायटीत सगळे म्हणायचे, कुमुदताईंना कॉफीचं वेड लागलंय. साफ खोटं. त्यांना स्वतःला कॉफी धड आवडतही नव्हती, त्या आपल्या गार पाण्यावर खूश. त्यांना वेड होतं पाण्याचं. माहेर नांदगावचं. तिकडे पाण्याची काय तऱ्हा असते ते नांदगावच्या माणसाला विचारावं. त्या सांगायच्या, लहानपणी घमेल्यात बसून आंघोळ करायची, तेच पाणी फरशी पुसायला, आणि तेच शेवटी कण्हेरीला. नळाला पाणी आलं की खेळ सोडून, अभ्यास सोडून, पाहुणा बसला असेल तर त्याला सोडून धावायचं. लग्न होऊन त्या नाशकात आल्या, पहिल्यांदा गंगापूर धरण पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "हे सगळं आपलं?"

संसारात पंचवीस-तीस वर्षं गेली. मुलगी मार्गी लागल्यावर त्या महापालिकेच्या तलावावर जाऊन बायकांच्या बॅचमध्ये पोहायला शिकल्या. निवृत्त झाल्यावर कयाक. कयाक म्हणजे ती लांबट, अरुंद होडी, पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. त्यांच्यासारखी निवृत्त, अर्धनिवृत्त दहा-बारा माणसं त्यांनी जमवली. दर दोन-तीन आठवड्यांनी ही मंडळी गिरणारे गावाच्या बाजूने धरणात होड्या घालायची, पलीकडच्या काठावर तंबू ठोकायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हाने भाजून परत यायची. मी पोहोचवायला आणि आणायला, कारण माझी गाडी मोठी. होडीत बसायला मी ठाम नकार दिला होता. मला काठ आवडतो, तिथून सगळं दिसतं आणि कपडे कोरडे राहतात.

पण कुमुदताईंना त्या दहा-बारा माणसांत एक माणूस कमी वाटायचा. अण्णा. त्यांचे यजमान.

अण्णा शुक्ल हे पंचवटीतल्या उपाध्यायांच्या घरातले. रामकुंडाच्या पायऱ्यांवर वाढलेले. घरचं यजमानकृत्य धाकटा भाऊ बघायचा. अण्णा स्वतः पाटबंधारे खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कुठल्या धरणात किती पाणी आहे, कुठला कालवा कधी सुटणार, हे त्यांना विचारा, खुर्चीतून न उठता सांगतील. खुर्चीतून न उठता, हेच महत्त्वाचं. कुमुदताईंची एकच इच्छा होती, की या माणसाने एकदा, फक्त एकदा, आपल्याबरोबर त्या पाण्यावर यावं. "आयुष्यभर त्यांनी ते कागदावर मोजलं," त्या म्हणायच्या, "आता जरा बसून बघावं की त्यावर."

अण्णा नाही म्हणत नसत. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. अण्णा अट घालायचे. "येतो की. फक्त सकाळी सहाला मला माझी कॉफी पाहिजे."

अण्णांची कॉफी म्हणजे आपल्या घरोघरची जुनी कॉफी. म्हशीचं दूध, त्यात साखर, वरून किसलेलं जायफळ, आणि दाट साय बाजूला करून ओतलेली. ती धरणाकाठी कुठून आणायची? दूध नेलं तर उन्हात नासतं. पातेलं नेलं तर होडीत मावत नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, राहा घरी. कुमुदताई म्हणाल्या, "ठीक आहे. देते." आणि त्या दिवसापासून ट्रे सुरू झाला.

त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. घरच्या गॅसवर कॉफी करायची नाही, कारण तिथे घरचा गॅस नसणार. बाल्कनीत धरणावर न्यायची ती चिमुकली शेगडी मांडायची, वाऱ्यात, आणि वारा नसेल तर पंखा आणून लावायचा. दूध नाही, दुधाची पावडर. आणि पाणी धरणाचं. दर खेपेला दोन कॅन भरून माझ्या गाडीतून यायचे. अण्णा पेपरातून मान वर करून म्हणायचे, "अगं, आपल्या नळाला त्याच धरणाचं पाणी येतं."

"नळाचं औषध मारलेलं असतं. चव बदलते."

"मग तिकडे नळ ने तुझा," अण्णा म्हणायचे आणि पुन्हा पेपरात.

त्यातून मलासुद्धा, इच्छा नसताना, बरंच ज्ञान झालं. एक, काचेची बाटली होडीत न्यायची नाही. एकदा नेली, ती फुटली, आणि एका निवृत्त डॉक्टरीणबाईंचे सगळे कपडे महिनाभर हॉटेलसारखा वास मारत होते. पिठासारखी बारीक कॉफी पावसाळ्यात दगड होते, खडेवाली टिकते, पण महाग. बरणीत ठेवायचीच तर तळाशी तांदळाची पुरचुंडी टाकायची, मिठाच्या बरणीत टाकतो तशी. दूध-साखर आधीच घातलेल्या तयार पुड्या मिळतात त्यांत कॉफी सोडून सगळं असतं, हे त्यांचं निरीक्षण, आणि माझं मतही तेच. शुद्ध कॉफी दुधाच्या पावडरीत बुडून जाते, नावालाही उरत नाही. थोडी चिकोरी मिसळलेली असली की ती पावडरीला पुरून उरते. पावडर आधी चमचाभर कोमट पाण्यात कालवायची, नाहीतर गुठळ्या होतात. आणि काठावर नेलेल्या पुड्या आणि परत आणलेली रिकामी पाकिटं जुळलीच पाहिजेत. एक पाकीट कमी पडलं तर सगळी मंडळी ओणवी होऊन गवतात शोधायची, आणि कुमुदताई कमरेवर हात ठेवून उभ्या.

त्या चिकोरीवरून एकदा काठावर सभा भरली होती. श्रावणातला सोमवार आला होता. ग्रुपमधल्या पाटणकरांचा उपास. कॉफीचा मग ओठाला लावला आणि पाकिटावरचं वाचून ते थबकले. "चिकोरी," ते म्हणाले. "ही उपासाला चालते का हो?"

कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणालं, कॉफी चालते म्हणजे तिच्यातलं सगळंच चालतं. कोणी म्हणालं, मग भजी तेलात तळतात आणि तेल उपासाला चालतं, तेव्हा भजीही खा. पाटणकर मग हातात धरून अवघडून उभे. शेवटी कुमुदताईंनी घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. कितीही झालं तरी अण्णा उपाध्यायांच्या घरातले.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मूळ आहे की धान्य?"

"मूळ," कुमुदताई म्हणाल्या. "गुजरातेत पिकतं."

"मग रताळ्याच्या नात्यातलं धरा. चालतं. पाटणकर, बिनधास्त प्या." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "उपासाला चालतं. मला नाही चालायचं, कुमुद, हे लक्षात ठेव."

सगळे हसले. कुमुदताईही हसल्या, पण परतताना गाडीत माझ्याशेजारी बसून बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघितलंस, माणूस तिथे नसून सगळ्यांशी कसा बोलतो. इथे असता तर किती मजा आली असती." मला अण्णांचा तेव्हा फार राग आला होता. काय जातं या माणसाचं, असं वाटायचं.

त्यानंतर जायफळाचा प्रकार घडला. कुमुदताईंनी ठरवलं की अण्णांना मुळात कॉफी नकोच आहे, जायफळ हवं आहे. म्हणून त्यांनी कॉफी, दुधाची पावडर, साखर आणि जायफळ घरीच एकत्र करून आपलं मिश्रण बनवलं. जायफळ साखरेबरोबर कुटलं की त्याला ओल येत नाही, असा शोधही लागला. फक्त किती घालायचं याचा अंदाज यायचा होता. पहिला प्रयोग ग्रुपवर झाला. त्या सकाळी होड्या निघण्याआधी इकडच्या काठावरच कॉफी झाली, म्हणून मीही होते. वास असा सुटला होता की मी चहाची बाईसुद्धा दोन मग प्यायले.

तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे रडक्या बाळाला झोपवायला जायफळ उगाळून चाटवतात. हे कुमुदताईंनाही माहीत होतं, विज्ञान त्याच शिकवायच्या. पण मोठ्या माणसांना त्याने काही होईल असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. नऊच्या सुमाराला पाटणकर झाडाला टेकून घोरत होते. डॉक्टरीणबाई टोपी तोंडावर घेऊन आडव्या. मी गाडीत सीट मागे करून जरा डोळे मिटते म्हटलं, ते उठले तेव्हा ऊन काचेतून भाजत होतं आणि खाली कोणीतरी मोठ्याने बोलत होतं.

गिरणाऱ्याकडचे एक शेतकरी, कचरूनाना, आमची एक कयाक दोरीने ओढत काठाने चालत आले होते. "ताई, ही नाव तुमचीच ना? पार आमच्या टमाट्याच्या वावराला लागली व्हती. म्हटलं माणसं बुडाली का काय, म्हणून पळत आलो तर हितं सगळे झोपलेले. लय भारी झोप लागली व्हती तुम्हाला. काय पेलं काय?"

"कॉफी," कुमुदताई म्हणाल्या.

कचरूनानांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. द्राक्षाच्या गावात वाढलेला माणूस, त्यांना वेगळंच काही वाटलं असणार. "आस्सं," ते म्हणाले. "कॉफी हाय का." आणि हसू दाबत निघून गेले.

डॉक्टरीणबाई पुढे शपथेवर सांगायच्या की एवढ्याशा जायफळाने असं होत नाही, पहाटे चारला उठून पोटभर पोहे खाल्ल्यावर हेच होणार. कुमुदताईंनी ते मानलं नाही. जायफळ पाव केलं.

आणि मग एके दिवशी त्या ट्रे न घेता आल्या. डोळे चमकत होते. मला हाताला धरून त्यांच्या घरी नेलं आणि अण्णांसमोर उभं केलं. "साक्षीदार म्हणून आणलंय हिला," त्या म्हणाल्या. "अहो, गेला आठवडाभर सकाळी कॉफी कशी होती?"

"नेहमीसारखी," अण्णा म्हणाले.

"निरीक्षण सांगा."

"अगं, नेहमीसारखी हेच निरीक्षण आहे. गोड, गरम, जायफळ बेताचं. का?"

"आठवडाभर तुम्ही दूध प्यायलेलाच नाहीत. बाल्कनीतल्या शेगडीवरची पुडीची कॉफी प्यायलात. धरणाच्या पाण्यातली." त्यांनी टेबलावर एक पुडी ठेवली. हाताने शिवलेल्या छोट्या पिशवीत, एका मगापुरती. "आता सांगा, शनिवारी येताय ना?"

मला वाटलं अण्णा आता हसतील. हरलो म्हणतील. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. पण अण्णांनी ती पुडी उचलून नुसती हातात धरली. मग म्हणाले, "कुमुद, मला पोहता येत नाही."

कुमुदताईंना ते आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. कधीच आलं नाही. लहानपणी मला दम्याचा त्रास, आई कुंडात उतरू द्यायची नाही. बरोबरीची सगळी पोरं वरून उड्या मारायची, मी त्यांचे कपडे धरून पायरीवर बसायचो. पुढे दमा गेला, पण मग एवढ्या घोड्याला कोण शिकवणार, आणि सांगायचं कोणाला? उपाध्यायांचा मुलगा, रामकुंडावर जन्मलेला. पूर आला की लोक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत पाणी चढलं का बघायला यायचे. मी घरात आतल्या खोलीत बसायचो." त्यांनी पुडी टेबलावर ठेवली. "पाण्याजवळ गेलं की माझे पाय थरथरतात."

"मग मला सांगायचं नाही?" कुमुदताई म्हणाल्या.

"तुला बघायला आलो होतो नांदगावला, तेव्हा तू एकच प्रश्न विचारला होतास. बाकी मुली पगार विचारतात. तू विचारलंस, तुम्हाला पोहता येतं का? मी हो म्हणालो. तुझा चेहरा असा उजळला की पुढे नाही म्हणायचं राहूनच गेलं."

मला वाटलं होतं कुमुदताई विरघळतील. कुठल्याही बाईला बरं वाटावं असंच ते बोलले होते. पण कुमुदताई उभ्याच राहिल्या, आणि त्यांचा तो वर्गातला आवाज पार खाली आला. "मी दोन वर्षं कॉफ्या ढवळतेय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं. ह्या बिचारीच्या पोटाची वाट लावली. आणि तुम्ही पेपर वाचत बघत होतात." मग त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी माझ्या घरी आले.

पुढचे काही दिवस त्या घरात माझ्यामार्फत बोलणं चाललं. "माधुरी, त्यांना सांग, भाजी झाकून ठेवलीय." "माधुरी, तिला सांग, बघितली." दोघं एकाच खोलीत आणि मी मधे उभी. चीड यायची. पण गंमत म्हणजे मला त्या टिकल्यांच्या वाट्यांची आठवण यायला लागली. अकरा वाजले की कान बेलकडे जायचे. एकदा मी स्वतःहून विचारलं, "कुमुदताई, कॉफी नाही का आज?" त्या म्हणाल्या, "कशासाठी करायची?" आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढी वर्षं ओळखत होते, त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. न पोहता येण्याचा त्यांना राग नव्हता. आपण एका माणसाला पाण्यावर बोलावत होतो आणि तो आतून घाबरत एकटा बसला होता, हे आपल्याला कळलं नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं. हे त्यांनीच मला सांगितलं. "निरीक्षण, निरीक्षण करत बसले," म्हणाल्या, "आणि घरातलाच माणूस बघितला नाही."

शनिवारी ग्रुप गेला. त्याही गेल्या, तोंड एवढंसं करून. सवयीने त्या पिशव्या मात्र सगळ्यांपुरत्या भरून घेतल्या.

रविवारी सकाळी, उजाडता उजाडता, आमची बेल वाजली. एकदाच. दारात अण्णा. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा फुल शर्ट, आणि पायांत मी कधी न पाहिलेले पांढरे बूट. "गाडी काढतेस का, माधुरी?" ते म्हणाले. "धरणावर जायचंय."

गाडीत ते गप्प होते. गंगापूर गाव मागे पडलं तेव्हा त्यांनी काच खाली केली, मग परत वर केली. काठावर पोचलो तेव्हा वारा सुटलेला नव्हता. पाणी सपाट पडलेलं, आणि पलीकडच्या काठावर पिवळे तंबू दिसत होते, माणसं मुंगीएवढी. अण्णा पाण्यापासून चांगली दहा पावलं लांब उभे राहिले.

"अण्णा," मी म्हणाले, "त्र्यंबक रोडने वळसा घातला तर गाडी थेट तंबूपर्यंत जाते. तासाभराचा रस्ता. चला, मी नेते."

"नको," ते म्हणाले. "ती तिकडे रस्त्याने गेलेली नाही."

मग मी कुमुदताईंना फोन लावला. म्हटलं, अण्णा आलेत, इकडच्या काठावर उभे आहेत. मग त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, उन्हात उभं राहू नका. आले."

दोन माणसांच्या होडीतून त्या एकट्या आल्या. एवढी लांब होडी एकटीने ओढत येताना दंड भरून आले असणार, पण वेग जराही कमी झाला नाही. काठाला लागल्या, उतरल्या. त्यांनी तरंगायचं नारिंगी जॅकेट अण्णांच्या अंगात घातलं, एकेक पट्टा स्वतः ओढून लावला, जॅकेटला खांद्याशी धरून दोन गचके दिले. "घट्ट होतंय," अण्णा म्हणाले. "घट्टच पाहिजे," त्या म्हणाल्या. मग त्यांना पुढच्या जागेवर बसवलं, हातात वल्हं दिलं, आणि स्वतः मागे बसल्या. मी होडी ढकलली. माझ्या चपला भिजल्या, साडीही भिजली, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही.

पलीकडे पोचल्यावर अण्णांनी ती कॉफी प्यायली आणि जायफळ जरा कमी पडलंय म्हणाले, हे मला संध्याकाळी पाटणकरांकडून कळलं. पुढे वर्षभर ते जात राहिले, मग म्हैसूरचं ठरलं, सामान गेलं, स्टेशनवर निरोपही झाला. पण कुमुदताई म्हटलं की मला स्टेशन आठवत नाही. मला आठवते ती मधली होडी.

बरोबर मध्यावर ती मंदावली. अण्णांनी वल्हं मांडीवर आडवं घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी होडीची कड धरली होती. मी इकडच्या काठावर उभी, तिकडच्या काठावर सगळा ग्रुप मग हातात घेऊन उभा. वारा नसला की पाण्यावरून आवाज किती लांब येतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. अण्णा मुळात हळू बोलणारे. पण त्या दिवशी ते मोठ्याने बोलले, दोन्ही काठांना स्पष्ट ऐकू गेलं.

"कुमुद, मला भीती वाटतेय."

मागे बसलेल्या कुमुदताईंनी आपलं वल्हं थांबवलं नाही, फक्त हळू केलं.

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "मी मागेच आहे. वल्हं मारा."

मग अण्णांनी एक हात कडेवरून सोडला, मग दुसरा, आणि वल्हं पाण्यात घातलं.